दोन वर्षांची बोली

“यातली एक चिठ्ठी उचला, नाना,” मी म्हणालो.

खाटेवरच्या चादरीवर मी पुठ्ठ्याचे दोन तुकडे मांडले होते. एकावर लिहिलं होतं ‘आवाज’ आणि दुसऱ्यावर ‘जास्त वर्षं जगणं’. नाना मांडी घालून बसले होते. त्यांनी आधी चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग खाटेच्या पायथ्याशी मोसंबं सोलत बसलेल्या आपल्या बायकोकडे, ठकूबाईंकडे.

“काय मास्तर, पत्त्यांचा डाव मांडला का?” त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. “पैसे लावायचे का नुसताच खेळायचा?”

“नुसताच. तुम्हाला यातलं जास्त काय हवंय ते उचला, बस्स.”

“आन् दोन्ही पायजे असलं तर?”

“दोन्ही नाही उचलता येत.”

“मंग आमच्यापेक्षा तुमचा बाजार लई कडक,” असं म्हणत त्यांनी ‘आवाज’ उचलला. मोसंबं सोलणारे ठकूबाईंचे हात थांबले.

मी वहीत खूण केली आणि पुढची जोडी मांडली. ‘जास्त वर्षं जगणं’ आणि ‘घरच्यांवर भार न होणं’. नानांनी जगणं उचललं. त्यानंतर ‘घरच्यांवर भार न होणं’ आणि ‘आवाज’. आता नानांनी बराच वेळ लावला, पुन्हा एकदा पायथ्याकडे पाहिलं, आणि भाराची चिठ्ठी उचलून माझ्या हातात दिली.

“असं कसं, नाना?” मी वैतागून म्हणालो. “जगण्यापेक्षा आवाज मोठा म्हणालात. भारापेक्षा जगणं मोठं म्हणालात. मग भारापेक्षा आवाज मोठा व्हायला नको?”

“तुमचं गनित बराबर हाये मास्तर,” नाना म्हणाले. “पन ही हितं बसलीये ना.”

ठकूबाई हसल्या. मी हसलो नाही. माझ्या कोष्टकात उत्तरं गोल फिरली होती, आणि गोल फिरणारी उत्तरं माझ्या विषयात बाद धरतात.

हे त्र्याण्णव सालचं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि पुण्याच्या एका संस्थेत पीएचडी करत होतो. माणसापुढे एकाच वेळी चार गोष्टींचा पेच असतो, तेव्हा त्याला कुठली गोष्ट किती हवी आहे हे मोजायच्या निरनिराळ्या पद्धती असतात. त्यांतल्या तीन घ्यायच्या, एकाच माणसावर वापरायच्या, आणि कुठली भरवशाची ते ठरवायचं, असा माझा विषय होता. आज तो सांगताना माझीच जीभ अडखळते, पण तेव्हा मी तो रिक्षावाल्यालाही समजावून सांगत असे. पेचात सापडलेली माणसं मिळायला इस्पितळासारखी जागा नाही, म्हणून आमच्या प्रभुघाटे सरांनी ओळख काढून मला नाशकाकडच्या एका मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे घशाच्या कॅन्सरच्या वॉर्डात मी तीन महिने होतो.

पुंजाराम आहेर माझे सतरावे रुग्ण. वॉर्डात त्यांना सगळे नाना म्हणत. वय चौपन्न. भोरखेड्याच्या बाजार समितीत ते कांद्याचा लिलाव पुकारायचे, म्हणजे उभी तीस वर्षं बोलण्याचंच काम. आता घशात गाठ निघाली होती.

वॉर्डाचे मुख्य डॉक्टर बाफना. सरळ माणूस. त्यांनी मला खोलीत बोलावून नीट समजावलं होतं.

“हे बघ टेंबे, आहेरांची केस मधली आहे. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ऑपरेशन केलं तर स्वरयंत्र सगळं काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून. आवाज कायमचा गेला, पण माणूस जगेल. धर, दहा वर्षं. दुसरी वाट म्हणजे लाईट द्यायची, किरणांनी गाठ जाळायची. त्यात आवाज बहुतेक राहतो, पण दुखणं उलटायची भीती असते. अशांना सरासरी तीन वर्षं कमी मिळतात.”

“मग त्यांनाच विचारा ना, सर.”

“तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाले, ‘तुमी म्हनाल ते, डॉक्टरसाहेब.’ आता मी काय म्हणू? आवाज माझा जाणार आहे का?” बाफनांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुझ्या त्या पद्धतींनी त्यांच्या मनातलं काढून दे. आवाजासाठी तीन किंवा त्याहून जास्त वर्षं सोडायला तयार असतील, तर लाईट देऊ. तीनच्या आत असतील, तर ऑपरेशन. सोमवारपर्यंत मला एक आकडा सांग.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तोवर माझी कोष्टकं फक्त प्रभुघाटे सर वाचत, आणि तेही पेंगत. आता एक खराखुरा सर्जन माझ्या आकड्यावर हातात सुरी घेणार होता किंवा खाली ठेवणार होता. मी त्या दिवशी कँटीनमध्ये दोन प्लेट मिसळ खाल्ली.

पहिली पद्धत चिठ्ठ्यांच्या आदल्या दिवशीच झाली होती. ती अगदी साधी. एक लांब पट्टी, शून्य ते शंभर. शून्य म्हणजे मरण आणि शंभर म्हणजे ठणठणीत तब्येत. यात आवाज नसलेल्या जगण्याला किती मार्क द्याल?

“पस्तीस,” नाना ताबडतोब म्हणाले.

“पस्तीसच का?”

“पासापुरते. मी चवथीला पस्तिसावरच सुटलो, तव्हा काय वाईट वाटलं न्हाई.”

शेजारच्या खाटेवरचा माणूस खो खो हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. मी पस्तीस लिहून घेतले. आकडेमोड केली तर या पस्तीसचा अर्थ नाना आवाजासाठी सहा-साडेसहा वर्षं सोडतील असा निघत होता, म्हणजे लाईट. पण हा माणूस थट्टा करतोय अशी टीप मी समासात लिहिली. थट्टा करणारा माणूस खरं बोलत नसतो असं मला तेव्हा वाटायचं.

तर पट्टी म्हणत होती लाईट, आणि चिठ्ठ्या म्हणत होत्या गोल गोल. उरली तिसरी पद्धत, वर्षांच्या अदलाबदलीची. प्रभुघाटे सरांचा सगळा जीव या पद्धतीवर.

ती शनिवारी दुपारी घ्यायची ठरली होती. मी वही घेऊन गेलो, तर नाना खाटेवर नव्हते. वॉर्डामागच्या व्हरांड्यात दहाबारा रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं जमली होती आणि मध्ये नाना उभे होते. हातात इस्पितळाच्या जेवणाचं ताट, त्यात दुधी भोपळ्याची भाजी. नाना तिचा लिलाव करत होते.

“बघा बघा, माल बघा! पानी वेगळं, भाजी वेगळी! मीठ शोधून देनाऱ्याला बक्षीस! बोला, चार आने! चार आने एक वार...”

“पाच आणे!” कोणीतरी ओरडलं.

“पाच आने! बाईसाहेब, तुमचं काय? ह्यांच्या तब्येतीकडं बघून तरी बोला! सहा! सहा आने... सात!”

आवाज पार बसलेला होता, मधूनच फाटत होता, तरी व्हरांड्याच्या त्या टोकाला औषधांची ट्रॉली ढकलणारी नर्स थांबली. चढत जाणारा आकडा नानांच्या गळ्यातून असा यायचा की आपणही बोली लावावी असं वाटे. गालफड बांधलेला एक म्हातारा, ज्याला मी तीन आठवड्यांत एकदाही हसताना पाहिलं नव्हतं, त्याने बोट वर केलं. नानांनी भाजी त्याला देऊन टाकली. मग ते दम लागून बाकावर बसले आणि खोकत राहिले. ठकूबाईंनी पाणी आणून दिलं.

“बरं वाटतंय का, नाना?” मी विचारलं. “नाहीतर उद्या बसू.”

“आत्ताच बसू. आत्ता घसा मोकळा हाये.”

मी शेजारी बसलो आणि पाठ केलेला प्रश्न विचारला. “समजा, नाना, एका बाजूला आवाजाशिवाय दहा वर्षं आहेत. दुसऱ्या बाजूला आवाज आहे, पण वर्षं कमी. आवाज ठेवायचा तर त्या दहातली किती वर्षं सोडाल?”

नानांचा चेहरा एकदम बदलला. चिठ्ठ्यांच्या वेळचा, पट्टीच्या वेळचा खट्याळपणा गेला. ते बाकावर सरळ होऊन बसले, माझ्याकडे पूर्ण वळले.

“वर्षं घेनारा कोन?”

“म्हणजे?”

“मी सोडनार, तर घेनार कोन? डॉक्टर का देव?”

“कोणीच नाही. मनातल्या मनात समजायचं.”

“पान्यात म्हैस आन् बाहेर मोल! तसा सौदा नसतो मास्तर. समोर मानूस लागतो.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बरं, तुमीच समजू.”

“समजा.”

नानांनी डोळे बारीक केले. दूर कुठेतरी बघितलं. मग शांतपणे म्हणाले, “दोन.”

“दोन वर्षं? नक्की?”

“दोन म्हनलं ना. आता तुमी बोला.”

“मी काही बोलायचं नसतं, नाना. मी नुसतं लिहून घेतो.”

त्यांना ते काही पटलं नाही. तोंड किंचित उघडं ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. मी वहीत दोन लिहिलं, आभार मानले आणि उठलो. ते बाकावरून उठले नाहीत. त्यांना थकवा आलाय असं मला वाटलं.

माझ्या अभ्यासात हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा नियम होता. माणूस तेच उत्तर देतो की बदलतो, ते बघायला. रविवारी मी पुन्हा विचारलं.

“दोन,” नाना म्हणाले. “कालचाच भाव.” आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी तो आकडा लाल शाईने अधोरेखित केला. सतरा रुग्णांत दोन्ही दिवशी तंतोतंत तेच उत्तर देणारे नाना पहिले होते.

संध्याकाळी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून मी सरांना फोन केला. सरांनी पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. “चिठ्ठ्यांची उत्तरं गोल फिरतायत ना? बाद. पट्टीवर थट्टा करतोय, ते जाऊ दे. तिसऱ्यात दोनदा तोच आकडा? वा! मग प्रश्नच मिटला. हेच तर आपल्याला सिद्ध करायचंय.”

सोमवारी मी बाफनांना सांगितलं, “दोन वर्षं.”

“तीन नाही?”

“नाही सर. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा दोन.”

बाफनांनी कागद हातात घेतला. “मला उगाच वाटत होतं की ह्या माणसाला आवाज फार हवाय,” ते म्हणाले. “बरं झालं तू मोजलंस. बुधवारी सकाळी घेऊ त्यांना.”

मंगळवारी दुपारी मी वॉर्डाशेजारच्या कागदपत्रांच्या खोलीत तक्ते भरत बसलो होतो. ठकूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, “त्यांनी बोलावलंय तुमाला.”

“कशाला, मावशी?”

“म्हनत्यात, मास्तरचं आन् माझं बोलनं आर्धं राहिलंय. दहा मिनिटं येऊन बसा म्हना.”

आता इथे मला माझाच एक नियम सांगायला हवा, कारण तो मी केला होता, सरांनी नव्हे. शेवटच्या बैठकीनंतर रुग्णाशी बोलायचं नाही. बोललं की आपल्या बोलण्याने त्याच्या उत्तराला वळण लागतं आणि पद्धतींची तुलना नासते. हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली सही केली होती. माझ्या प्रामाणिकपणाचा मला फार अभिमान होता.

आणि खरं सांगायचं तर नुसता नियमच नव्हता. दुसऱ्या दिवशी ज्याचा गळा कापायचा आहे त्या माणसापुढे जाऊन बसायची मला भीती वाटत होती. तो रडला तर काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नव्हतं. नियम होता म्हणून भीती झाकली गेली.

“मला आता येता येणार नाही, मावशी. अभ्यासाचा नियम आहे तसा.”

त्या तशाच उभ्या राहिल्या. “मंग काय सांगू त्यांना?”

“सांगा, तुमचं उत्तर मी डॉक्टरांना जसंच्या तसं दिलंय. काही काळजी करू नका.”

त्या मान हलवून गेल्या. माझ्या खुर्चीवरून, वॉर्डाच्या उघड्या दारातून, नानांच्या खाटेचा पायथा दिसत होता. चादरीबाहेर आलेली पावलं दिसत होती. मी खुर्ची फिरवून घेतली आणि तक्ते भरत राहिलो.

ऑपरेशन उत्तम झालं. बाफनांचा हातच तसा होता. दहा दिवसांनी मी नानांना लांबून पाहिलं. गळ्यातल्या नळीवर फडक्याची घडी, डोळे खोल गेलेले. त्यांनी मला बघून हात जोडले. मीही जोडले. त्याच आठवड्यात माझं काम संपलं आणि मी पुण्याला परतलो.

प्रबंधाचं ते प्रकरण मला चांगलं जमलं. एका परिषदेत वाचलं तेव्हा टाळ्याही पडल्या. फक्त एक काम राहिलं होतं. वर्षभराने काही निवडक रुग्णांना भेटून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, म्हणजे शेवटचा तक्ता पुरा होणार. यादीत पहिलं नाव मी पुंजाराम आहेरांचं घातलं. माझा सगळ्यात खणखणीत आकडा तोच होता.

भोरखेड्याला मी बाजाराच्या दिवशी पोचलो. नाना कुठे भेटतील म्हणून आधी बाजार समितीत गेलो. आवारात कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती, काही ट्रॅक्टर, काही बैलगाड्या. व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीपाशी थांबायचा, लिलाव व्हायचा, मग घोळका पुढच्या गाडीकडे सरकायचा. पुकारणारा नवा होता, तरुण होता, पण त्याचा आवाज मागच्या माणसापर्यंत पोचत नव्हता.

एका गाडीपाशी पहिला आकडा पुकारला गेला तेव्हा गाडीवाल्याने ऐकूच आलं नाही असं दाखवून खिशातून तंबाखू काढली. मला गंमत वाटली. शेजारी वजनकाट्यापाशी एक मापाडी उभा होता, पोत्यांची वजनं करणारा. त्याला मी विचारलं, “एवढा कमी भाव कसा काय बोलले?”

“ती पहिली बोली हाये साहेब.”

“म्हणून काय झालं? एवढीच द्यायची असेल त्यांना.”

तो माझ्याकडे बघून हसला. शहरातला माणूस म्हणून त्याने मला सोडून दिलं असावं. “पहिली बोली म्हंजी रामराम असतो. रामराम घातला म्हनून कोन घर देतं का? बोलायचं, मंग समोरचा बोलनार, मंग आपन थोडं चढायचं, मंग तो थोडा उतरनार. कोनाच्या मनात किती हाये ते शेवटाला कळतं. पहिल्यालाच मनातलं सांगितलं तर धंदा करावा कसा?”

“आणि समोरचा काहीच बोलला नाही तर?”

“तर थांबायचं. आपन आपली बोली आपनच कशी चढवनार? येडं म्हनतील की.”

मी विचारलं, “तो उद्या पुन्हा आला आणि विचारलं तर?”

“तर कालचाच भाव सांगायचा. तो बोलला की मंग पुढं बघू.”

“आणि समजा, समोरच्याने पहिलीच बोली पक्की धरली आणि न बोलता निघून गेला?”

“मंग बोली लावनारा मेला की,” मापाडी म्हणाला. “बोललेली बोली मोडता येत न्हाई.”

पुढच्या गाडीचा लिलाव सुरू झाला आणि तो काट्याकडे वळला. मी तिथेच उभा राहिलो. ‘कालचाच भाव’ म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिलेला तो माणूस मला दिसत होता, आणि लाल शाईची ती रेघ. कुठेतरी पळून जावं, पुण्याची गाडी पकडावी, असं वाटलं. पण मी नाना आहेरांचं घर विचारलं.

“घरी न्हाई, ते बैलबाजारात असत्यात आता,” कोणीतरी सांगितलं. “वढ्याच्या पल्याड.”

बैलबाजारात नाना लगेच दिसले. गळ्याभोवती पांढरं सुती फडकं, खांद्यावर उपरणं, अंगाने निम्मे झालेले. दोन माणसांच्या मध्ये उभे राहून ते दलाली करत होते. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा, जितकी बोटं दाबली तितका आकडा, म्हणजे आजूबाजूच्यांना काही कळत नाही. त्या एका धंद्यात मुका माणूस चालतो, हे नानांनी हेरलं होतं. माझ्यादेखत एक सौदा पटला. नानांनी धरलेला हात जोरात झटकला आणि उपरणं ओढून खांद्यावर टाकलं. विकणाऱ्याने बैलाचा कासरा घेणाऱ्याच्या हातात दिला.

झाडाखाली ठकूबाई डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला आधी ओळखलं.

“मास्तर! या. बसा.”

मी बसलो नाही. कसाबसा म्हणालो, “मावशी, त्या मंगळवारी नानांनी मला का बोलावलं होतं?”

“का म्हनजे? त्यांची बोली झालेली, तुमची राह्यलेली.” त्या सरळ आवाजात सांगत होत्या, दोष द्यायचा म्हणून नव्हे. “मी जाऊन सांगितलं, मास्तर म्हनले, उत्तर डॉक्टरला दिलं. तर हे म्हनले, समोरचा उठून गेला म्हनजे आपली पहिलीच बोली त्यानं पक्की धरली. आता मोडायची न्हाई. आन् आपरेशनच्या कागदावर सही केली. तेच शेवटाचं बोलले माझ्याशी. रातच्याला तोंड फिरवून निजले, आन् सकाळी नेलं.”

“तुम्ही मला सांगितलं का नाही? दारात उभ्या होतात तेव्हाच?”

“मला काय ठावं,” ठकूबाई म्हणाल्या, “की तुमाला हे ठावं न्हाई?”

नाना जवळ आले होते. मला बघून त्यांनी मान डोलावली. गळ्याच्या फडक्याखालून श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. माझ्या काखेतली वही त्यांनी ओळखली असावी, कारण तिच्याकडे बघून त्यांच्या डोळ्यांत जुनी खट्याळ झाक आली आणि गेली.

“नाना,” मी म्हणालो, “मला कळलं नाही हो. मला वाटलं, तुम्ही मनातलाच आकडा सांगितला. मी जर त्या दिवशी येऊन...” बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तसलं माझं बोलणं, आणि तेही ज्याला आता बोलता येत नाही त्याच्यापुढे. मला रडू फुटलं. भर बाजारात, उभ्या उभ्या.

नानांनी हात वर करून मला थांबवलं. मग पुढे होऊन त्यांनी माझा उजवा हात धरला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं.

त्यांचा तळवा राठ होता, गरम होता. कापडाखाली त्यांनी माझी दोन बोटं दाबली. दोन. आणि सैल केली. हात तसाच धरून ते माझ्याकडे बघत उभे राहिले, डोळे बारीक करून.

ठकूबाईही उठून उभ्या राहिल्या होत्या. मी चाचपडत त्यांची बोटं शोधली. एक, दोन, आणि तिसरं. तिन्ही धरून दाबली, लाईटसाठी बाफनांना हवी होती तितकी.

नानांनी क्षणाचाही विचार केला नाही. त्यांनी माझा हात जोरात झटकला, उपरणं ओढून खांद्यावर टाकलं आणि डब्याकडे वळले. शेजारच्या दोघातिघांनी कुठला बैल विकला गेला म्हणून मागे वळून पाहिलं.